हास्यजत्रेची धार आणि लेखकाचा वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रव्यवहारात गेले काही दिवस ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमाविषयी जी चर्चा चालू आहे, ती मी आवर्जून वाचत आहे. काही वाचकांच्या मते जुने कलाकार एकेक करून बाहेर पडले आणि तेव्हापासून कार्यक्रमाची रया गेली. काहींना अशी चिकित्साच मान्य नाही. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा असा एक कार्यक्रम उरला आहे, तर त्याच्या उणिवा कशाला काढता, असे त्यांचे म्हणणे. मला या दोन्ही बाजूंशी पूर्णपणे सहमत होता येत नाही. कार्यक्रमाची धार बोथट झाली आहे हे मला मान्य आहे, पण त्याचे खापर कलाकारांच्या माथ्यावर फोडणे अन्यायाचे आहे. दोष मुख्यतः लेखनाचा आहे, आणि लेखकांकडे जरा बारकाईने पाहिले तर तोही त्यांचा नसून त्यांना मिळणाऱ्या अपुऱ्या वेळाचा आहे, असे माझे मत आहे. सांगलीसारख्या नाटकवेड्या गावात हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे घालवलेला एक प्रेक्षक म्हणून ते सविस्तर मांडण्याची परवानगी द्यावी.

आधी या कार्यक्रमाने काय कमावले ते नीट सांगितले पाहिजे, म्हणजे काय गमावले जात आहे याची कल्पना येईल. ऑगस्ट २०१८ मध्ये सोनी मराठी वाहिनी सुरू झाली आणि तिच्याबरोबरच सचिन गोस्वामी व सचिन मोटे यांची ही हास्यजत्राही सुरू झाली. त्याआधी झी मराठीवर ‘फू बाई फू’ आणि पुढे ‘चला हवा येऊ द्या’ यांनी मराठी प्रेक्षकाला प्रहसनांची सवय लावली होती, म्हणून ‘आणखी एक विनोदी कार्यक्रम’ एवढ्याच अपेक्षेने आम्ही तो पाहू लागलो. प्रत्यक्षात जे पाहायला मिळाले ते बरेच वेगळे होते. त्यात नाटकाची शिस्त होती. नेपथ्य जेमतेम, एक सोफा, एक दरवाजा, फार तर एक टेबल; आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे केवळ शब्द, शरीर आणि समोरच्या नटावरचा विश्वास यांच्या बळावर उभी करायची. ज्यांनी एकांकिका केल्या आहेत त्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बोली. मराठी दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे बोली बोलणारे पात्र म्हणजे घरगडी, खलनायकाचा हस्तक किंवा गावंढळ पाहुणा, हे जणू ठरलेलेच होते. प्रमाण भाषा बोलणारा शहाणा आणि त्याच्या शेजारी हसे करून घेण्यासाठी उभा केलेला बोलीभाषक, ही मांडणी आम्ही इतकी पाहिली की तिच्यात काही खटकते हेही आम्हाला कळेनासे झाले होते. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भारत गणेशपुरे यांच्या वऱ्हाडीने आणि हास्यजत्रेत अरुण कदम यांच्या आगरीने, प्रभाकर मोरे यांच्या कोकणी ठसक्याने, गौरव मोरे यांच्या पवईच्या फिल्टरपाड्यातल्या बोलण्याने ती मांडणी उलटी केली. येथे बोली बोलणारा माणूस प्रसंगाचा मालक होता. तो मूर्ख असेल, लबाड असेल, पण त्याचे मूर्खपण आणि लबाडी त्याच्या बोलीमुळे नव्हती. चाळीत, वस्तीत, खाडीकाठच्या गावात वाढलेली मुले स्वतःचे नाव-गाव अभिमानाने सांगत मुख्य रंगमंचावर आली, ही सांस्कृतिक दृष्ट्या लहान घटना नाही, आणि तिचे श्रेय या कार्यक्रमाला दिलेच पाहिजे.

आता धारेविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे प्रहसनाची धार एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते: पात्राला काहीतरी अगदी मनापासून हवे असले पाहिजे. ते मिळवण्यासाठी तो जी धडपड करतो, खोटे बोलतो, ते लपवण्यासाठी दुसरे खोटे बोलतो आणि शेवटी सगळ्यांसमोर उघडा पडतो, त्यातून हसू येते. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार यांच्या जोडीची सुरुवातीच्या काळातली प्रहसने आठवून पाहावीत. चौघुले यांचा माणूस बहुधा स्वतःची अब्रू सांभाळण्याच्या खटाटोपात असे, आणि सुभेदार यांची बाई नेमकी चार लोकांत ती अब्रू काढायला टपलेली असे. दोघांनाही काही हवे होते आणि दोघांच्या इच्छा एकमेकींच्या आड येत होत्या. त्यामुळे वाक्य साधे असले तरी त्यामागे ताण होता. चौघुले नुसता आवंढा गिळत तेव्हासुद्धा प्रेक्षक हसत असे, कारण त्या आवंढ्यामागे काय दडवले आहे ते त्याला ठाऊक असे. नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर, वनिता खरात, शिवाली परब, पृथ्वीक प्रताप ही मंडळीही याच शिस्तीत तयार झाली. त्यांच्या गुणवत्तेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही, आजही नाही.

पण आज पुष्कळदा असे होते की पात्र रंगमंचावर येते तेव्हा त्याला काहीच नको असते. त्याला फक्त आपले ठरलेले वाक्य म्हणायचे असते. ओंकार भोजने यांचे ‘अगं अगं आई’ पहिल्यांदा ऐकले तेव्हा मीही मनमुराद हसलो होतो, कारण ते त्या प्रसंगातल्या त्या मुलाच्या कासाविशीतून आले होते. प्रभाकर मोरे यांच्या ‘शालू’च्या नाचालाही अशीच जागा होती. पुढे अशी वाक्ये आणि लकबी लोकप्रिय झाल्या, त्यांच्या चित्रफिती भ्रमणध्वनीवर फिरू लागल्या, आणि मग प्रसंग त्या वाक्यासाठी लिहिला जाऊ लागला. माझी नात चौथीत आहे. एखादे नेहमीचे पात्र दारातून आत आले की ते तोंड उघडण्याच्या आधीच ती त्याचे वाक्य म्हणून टाकते, अगदी त्याच हेलात, हातवाऱ्यांसह. नटाने ते वाक्य म्हटले की ती आपण बरोबर ठरल्याच्या आनंदाने माझ्याकडे पाहते. तो आनंद खरा आहे आणि मी तो हिरावून घेऊ इच्छित नाही, पण ते हसणे नव्हे. नेमके काय होईल हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाला प्रहसन हसवू शकत नाही; ओळखीचे समाधान तेवढे देऊ शकते. चरकातून एकदा रस निघाल्यावर तेच चिपाड दुमडून दुमडून पुन्हा घातले तर काही थेंब निघतात खरे, पण त्याला उसाचा रस म्हणत नाहीत.

या जागी परीक्षकांच्या हसण्याचा उल्लेख करणे भाग आहे. प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर हे दोघेही कसलेले कलाकार आहेत, आणि सूत्रसंचालिका प्राजक्ता माळी यांचा वावर प्रसन्न असतो, यात वाद नाही. सुरुवातीला कार्यक्रमाला स्पर्धेचे रूप होते, तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांना काम होते. पुढे स्पर्धा मागे पडली आणि खुर्च्या राहिल्या. आता एखादे बरे वाक्य आले की चित्र तत्काळ खुर्चीकडे वळते. कोणी पोट धरून हसते आहे, कोणी डोळे पुसते आहे, ते आपण पाहतो, आणि परत वळेपर्यंत पुढच्या वाक्याची तयारी करणाऱ्या नटाचा चेहरा आपल्या हातून निसटलेला असतो. विनोदात दोन वाक्यांमधली शांतता फार मोलाची असते. बोलणारा बोलून मोकळा होतो आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या बोलण्याचा अर्थ हळूहळू उमटतो, तोच तर हसण्याचा क्षण. तो क्षणच कापून तिथे दुसऱ्याचे हसू चिकटवले, तर घरी बसलेल्या प्रेक्षकाने स्वतः हसायचे काम उरतच नाही. शिवाय सगळ्याच विनोदांना सारखेच मोठे हसू मिळत गेले तर चांगले कोणते आणि बेताचे कोणते हे नटालाही कळेनासे होते. नाट्यगृहातला प्रेक्षक निर्दयपणे गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यातून नट शिकतो. ती सोय येथे उरलेली नाही.

दुसरी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. प्रसंगातून विनोद निघेनासा झाला की लेखणी समोरच्या माणसाच्या शरीराकडे वळते. कोणाचा काळा रंग, कोणाचे वजन, कोणाची उंची, कोणाचे विरळ झालेले केस, यांवर एकामागून एक उपमा झाडल्या जातात आणि त्यालाच ‘पंच’ म्हटले जाते. हा दोष एकट्या हास्यजत्रेचा नाही. मराठीतले जवळजवळ सगळेच विनोदी कार्यक्रम या वाटेने गेले आहेत. पुरुषांनी साडी नेसून येणे हेही तसेच. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांचे सोने केले, जिथे तमाशातली मावशी आपल्या जिभेच्या धारेवर गवळण पेलते, तेथे स्त्रीवेशाला कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण मावशीला बोलायला काही होते. नुसता पदर आणि नुसता बारीक केलेला आवाज यांना विनोद समजणे हा आळस आहे. कलाकार आपापसांत मित्र असतात, त्यांना एकमेकांचे बोलणे लागत नसेल. परंतु दुसऱ्या दिवशी वर्गात तीच उपमा ज्या सावळ्या किंवा स्थूल मुलीवर फेकली जाते तिच्याशी कोणी असा मैत्रीचा करार केलेला नसतो. शाळेत शिकवणारी माझी सून हे वरचेवर पाहते.

‘चला हवा येऊ द्या’चा अनुभव येथे उपयोगी पडेल. १८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या त्या कार्यक्रमाचे पहिल्या काही वर्षांतले वैभव सर्वांना आठवत असेल. डॉ. निलेश साबळे यांचे थुकरटवाडी हे काल्पनिक गाव, भाऊ कदम, कुशल बद्रिके आणि श्रेया बुगडे यांची हजरजबाबी खेळी, आणि या सगळ्या धुमाकुळात खाकी कपड्यांत पिशवी घेऊन येणारा सागर कारंडे यांचा पोस्टमन. तो अरविंद जगताप यांनी लिहिलेले पत्र वाचू लागला की क्षणापूर्वी खिदळणारे लोक स्तब्ध होत. माझ्या मते त्या कार्यक्रमाची खरी धार त्या पत्रांत होती, कारण हसणाऱ्या माणसाला अचानक त्याच्या गावाकडे, शेताकडे, वृद्धाश्रमात ठेवलेल्या आईवडिलांकडे पाहायला लावण्याचे धाडस त्यांत होते. पण हळूहळू चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी येणारे पाहुणे कार्यक्रमाच्या केंद्रस्थानी आले. २०१६ मध्ये शाहरुख खान आला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला, मलाही वाटला. तरीही पाहुण्याला दुखवायचे नाही, त्याच्या चित्रपटाचे कौतुक करायचे आणि त्याच्याच गाजलेल्या प्रसंगाची गमतीदार नक्कल त्याला दाखवायची, या चौकटीत राहून धारदार प्रहसन लिहिणे कोणालाही अशक्य आहे. यजमानाने पाहुण्याची थट्टा किती करावी याला आपल्याकडे मर्यादा आहेतच. मार्च २०२४ मध्ये तो कार्यक्रम थांबला आणि २०२५ मध्ये नव्या सूत्रसंचालकासह परतला. ‘फू बाई फू’चेही नवे पर्व २०२२ मध्ये आणले गेले होते, ओंकार भोजने हास्यजत्रा सोडून त्यात गेले होते. ते पर्व फार टिकले नाही. गाजलेले नाव आणि आवडता नट एवढ्या भांडवलावर प्रेक्षक परत येत नाही, हे त्यावरून दिसले.

म्हणूनच विशाखा सुभेदार गेल्या, गौरव मोरे गेले, म्हणून कार्यक्रम उतरला, हे मला पटत नाही. नट येतात आणि जातात. त्यांनी तसे करावेही. वर्षानुवर्षे एकाच साच्यात उभे राहणे कोणत्याही जिवंत नटाला जड जाणारच. आणि मागे राहिलेल्यांत गुणांची वाण नाही. त्यांना खेळायला प्रसंग हवा.

लेखक कचरतात, कारण काळच तसा आहे, असेही एका पत्रात म्हटले होते. त्यात तथ्य आहे. कोणाच्या भावना कोठे दुखावतील याचा नेम नाही. २०२१ मध्ये एका राजकीय नेत्याच्या नकलेवरून ‘चला हवा येऊ द्या’च्या कर्त्यांना माफी मागावी लागली होती. ज्या मातीत बतावणीतला सोंगाड्या राजाला आणि कोतवालाला सगळ्या गावादेखत सुनावत असे, भारूडकार रोजच्या बोलण्यातल्या भाषेत ढोंगी साधूंचे बुरखे फाडत असे, तेथे ही वेळ यावी याचे वाईट वाटते. दादा कोंडके तर ‘विच्छा माझी पुरी करा’च्या प्रयोगात त्या त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातल्या बातमीवर टोला हाणीत, आणि त्यासाठीच लोक तो वग पुन्हा पाहायला जात. तरीसुद्धा धार म्हणजे केवळ पुढाऱ्यांची नक्कल असे मी मानत नाही, आणि राजकारण वर्ज्य झाले म्हणून विषय संपले हेही मला मान्य नाही. सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करायला तलाठी कार्यालयात खेटे घालणारा शेतकरी, गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावरून होणारी हमरीतुमरी, बारावीच्या निकालाआधीच खासगी शिकवणीची फी भरून बसलेला बाप, लग्नात मानपानाच्या साड्यांवरून दोन्ही घरांत चाललेली मोजदाद, मुलगा परदेशी गेल्यावर दृक्‌श्राव्य संभाषणापुरते नीटनेटके होणारे आईबाप, मुलासाठी मुलगी शोधून थकलेले गावाकडचे कुटुंब: हे सारे आज महाराष्ट्रात घडते आहे आणि यांतले काहीही लिहायला कोणाची भीती बाळगण्याचे कारण नाही. हास्यजत्रेने अशा विषयांना हात घातला तेव्हा तेव्हा ती आजही चमकते. एखाद्या आठवड्यात अचानक एक असे प्रहसन येते की घरातले सगळे ताडकन सावरून बसतात. क्षमता कायम असल्याचा याहून वेगळा पुरावा नको. पण पुढच्या तीन-चार भागांत पुन्हा तीच ठरलेली पात्रे, तीच ठरलेली भांडणे.

असे का होते? मला याचे उत्तर आकड्यांत दिसते. या कार्यक्रमाचे आठवड्याला कधी दोन, तर मधल्या काळात चार-चार भाग दाखवले गेले. एका भागात दोन प्रहसने धरली आणि आठवड्याला चार भाग धरले, तर आठवड्याला आठ आणि वर्षभर तोच वेग राहिला तर चारशेच्या वर प्रहसने होतात. ज्याने एक तरी एकांकिका लिहिली आहे त्याने हा आकडा शांतपणे डोळ्यांसमोर आणावा. आमच्याकडे स्पर्धेसाठी एक एकांकिका उभी करायची म्हणजे लेखक महिना-दोन महिने कागद फाडत बसतो. मग तालमीत अर्धी वाक्ये गळतात, शेवट बदलतो, एखादे पात्र निघूनच जाते. पहिल्या खर्ड्यात सुचलेला विनोद हा बहुधा सर्वांनाच सुचेल असा असतो, म्हणून तो काढून टाकावा लागतो. दुसरा जरा बरा असतो. तिसऱ्या वेळी कुठे त्या पात्राचा स्वतःचा विनोद सापडतो. आठवड्याला इतकी प्रहसने पाडायची असतील तर तिसऱ्या खर्ड्यापर्यंत कोण पोहोचणार? पहिल्यालाच रंगमंचावर उभे करावे लागते, आणि तो उभा राहावा म्हणून हुकमी वाक्याचा, शरीरावरच्या उपमेचा, परीक्षकांच्या हसण्याचा टेकू द्यावा लागतो. मी वर ज्या तक्रारी केल्या त्या सगळ्यांचे मूळ येथे आहे. चौघुले आणि खांडेकर यांच्यासारखे काही नट तर स्वतः लिहितात, पाठ करतात आणि सादरही करतात. त्यांनी इतकी वर्षे ही पातळी राखली याचेच खरे तर आश्चर्य वाटले पाहिजे.

बाहेर पाहिले तरी हेच दिसते. अमेरिकेत ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा प्रहसनांचा कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे आणि ‘आता पूर्वीची मजा राहिली नाही’ ही ओरड त्याच्याही वाट्याला अनेक दशके आलेली आहे. पण त्याचे वर्षाला साधारण वीसच नवे भाग होतात आणि उन्हाळ्यात सर्वांना मोठी सुटी असते. ब्रिटनमधल्या ‘माँटी पायथन’ मंडळींनी आपल्या गाजलेल्या मालिकेचे एकूण ४५ भाग केले. जगभर अर्धे शतक त्यांचे नाव निघते ते तेवढ्यावर. आपल्याकडेही मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकर यांच्या ‘गजरा’ची लोक वाट पाहत असत. वाट पाहण्यात आवडीचा मोठा भाग असतो, आणि लेखकाला त्याच दिवसांत लिहिता येते.

यावर वाहिनीची अडचण काय असेल, याचीही मला कल्पना आहे. जाहिरातींचे गणित रोजच्या वेळेवर बसते, एक आठवडा पडदा रिकामा राहिला तर प्रेक्षक दुसरीकडे जातो, आणि या कार्यक्रमावर कितीतरी कलाकार-तंत्रज्ञांची घरे चालतात. दमून आलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता थोडे हसायचे असते, त्याला तुमची ती धार नको, असाही युक्तिवाद होतो. करोनाच्या काळात या कार्यक्रमाने घराघरांत जो आधार दिला तो मी विसरलेलो नाही. त्या वर्षांत आमच्या ओळखीच्या एका घरी कर्ता माणूस गेला होता, आणि त्याची पत्नी कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा हसली ती हास्यजत्रेतले एक प्रहसन पाहताना, असे तिच्या मुलाने मला सांगितले. त्यामुळे विनोदाने मनावरचा भार हलका करणे हे हलके काम आहे असे मी कधीही म्हणणार नाही. पण नीट आठवले तर त्या काळात ज्या प्रहसनांनी हा आधार दिला ती चांगली लिहिलेली होती. दमलेल्या माणसाला काहीही चालते हे गृहीत धरणे म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे. तो दिवसभर खोटे हसू पुष्कळ पाहून आलेला असतो, त्याला खरे कोणते ते आपल्यापेक्षा लवकर कळते.

माझी वाहिनीला आणि कार्यक्रमाच्या कर्त्यांना विनंती आहे की त्यांनी वर्षातून निदान तीन-चार महिने नव्या भागांना सुटी द्यावी आणि त्या काळात आपली जुनी उत्तम प्रहसने दाखवावीत. ती पुन्हा पाहायला आमची काहीच हरकत नाही. परतल्यावर आठवड्याला एक किंवा दोनच भाग करावेत. त्या सुटीत नवे लेखक शोधावेत. १९६३ पासून पुण्यात होत असलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत आणि महाराष्ट्रभरच्या अशा कितीतरी एकांकिका स्पर्धांत दरवर्षी विशी-बाविशीची मुले आपापल्या गावाचे, आपापल्या बोलीचे ताजे लेखन घेऊन येतात. नट म्हणून त्यांतले काही वाहिन्यांच्या नजरेस पडतात, लेखक म्हणून क्वचितच. नांदेडचा, चंदगडचा, नंदुरबारचा मुलगा किंवा मुलगी लिहू लागली तर आज ज्या बोली आणि जी घरे या मंचावर आलीच नाहीत तीही येतील. लिहिणाऱ्या मुलींचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण सासू-सुना आणि नवरा-बायको यांच्या प्रहसनांत बायकांना काय हवे असते हे अजून बहुतांशी पुरुषच ठरवत आहेत असे वाटते.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. आपल्या मनोरंजन पुरवणीत नव्या नाटकाचे परीक्षण येते, चित्रपटाचे येते, त्यांत लेखकाचे नाव आणि संहितेची चर्चा असते. या प्रहसनांविषयी मात्र बातमी छापून येते ती कोणता कलाकार कार्यक्रम सोडून गेला, कोणी नवी गाडी घेतली, कोणाचे लग्न ठरले, एवढीच. लाखो मराठी माणसे आठवड्यामागून आठवडे जे नाटुकले पाहतात त्याचे लेखन कोणी केले, ते कोठे जमले आणि कोठे फसले, याचे महिन्यातून एकदा तरी गंभीरपणे परीक्षण आपण छापावे. त्यासाठी नाट्यसमीक्षेची जाण असलेला माणूस नेमावा आणि परीक्षणाच्या शीर्षकाखाली नटांच्या आधी लेखकाचे नाव द्यावे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, सांगली